ओएमाऊच्या वाळूवरची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी. रुंदीला एक बाई मांडी घालून बसेल एवढीच आहे. पण दोन्ही अंगांना उलांड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बांबूच्या दांड्या, असल्यामुळे लाट आली तरी सहसा कलंडत नाही. रोटे बेटावर ओएमाऊ नावाचे छोटेसे गाव आहे. तिथल्या वाळूवर माझे सारे आयुष्य गेले.

मला मेसाखने घडवले. टेकडीवरच्या झाडाचे खोड त्याने रेड्यांकडून किनाऱ्यापर्यंत ओढून आणले आणि तासून तासून मला पोकळ केले. त्याची थोरली मुलगी लुदिया चुलीसाठी ढलप्या वेचायची. धाकटा एसाउ माझ्यात बसून कोरड्या वाळूत वल्हे मारायचा.

"कुठवर पोचलास रे?" मेसाख विचारायचा.

"समुद्रापलीकडच्या शहरात, कुपांगला."

"मग येताना जरा साखर आण," लुदिया म्हणायची. एसाउ तिला 'सुसी' म्हणायचा, म्हणजे ताई. आजही तो तिला तसेच म्हणतो.

मी मेसाखबरोबर पुष्कळ वर्षे मासळी आणली. पुढे गावात समुद्रशेवाळाची शेती आली. उथळ पाण्यात खुंट्या ठोकायच्या, दोर ताणायचे, दोरांना शेवाळाचे झुपके बांधायचे आणि वाढले की कापून वाळूवर वाळवायचे. या कामात माझी खरी जोडीदार झाली ती लुदिया. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती आणि घरामागच्या झोपडीत राहत होती. ओल्या शेवाळाचे वजन फार असते, मित्रांनो. ते मी वाहायची. परत आल्यावर ती मला आतून धुऊन काढायची आणि म्हणायची, "दमलीस ना? मीसुद्धा दमले." एवढ्या बोलण्याने माझा शीण जायचा.

मेसाख वारला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे जमीन मुलाला मिळाली. एसाउने बहिणीला वाळवण घालायला कधी मनाई केली नाही. तो स्वतः ताडावर चढून रस काढायचा. एकदा तो झाडावरून पडला आणि त्याचा गुडघा कायमचा अधू झाला.

याच सुमारास बाहेरचे लोक किनाऱ्यावरच्या जमिनी विचारू लागले. शेजारच्या येरमियासने आपली जमीन विकली. नव्या मालकाने तिच्याभोवती थेट भरतीच्या रेषेपर्यंत भिंत घातली आणि तो गेला तो परत आलाच नाही. आत गवत माजले. येरमियास भिंतीवर बसून विड्या ओढायचा आणि म्हणायचा, "जमीन माझी होती तेव्हा मी बकऱ्या बाहेर हाकलायचो. आता बकऱ्या आत आणि मी बाहेर."

मग सुराबाया या मोठ्या शहरातून पाक सुगियार्तो आले; पाक म्हणजे आमच्याकडे साहेब. बोलायला मवाळ, वागायला सभ्य. त्यांना एसाउच्या जमिनीवर पाहुण्यांसाठी सहा झोपड्या बांधायच्या होत्या. एसाउ त्या दिवशी दोनदा जेवला. बोटीच्या धक्क्यापर्यंत माणसे नेण्या-आणण्यासाठी गाडी घ्यायची, म्हणजे पुन्हा ताडावर चढायला नको, असे त्याने मनात ठरवून टाकले. त्याचा गुडघा मी जवळून पाहिला होता. मला त्याचा राग आला नाही.

"किनारा मात्र मोकळा दिसला पाहिजे," पाक सुगियार्तो म्हणाले. "ही होडी, ही वाळवणं... पाहुण्यांना वास सहन होत नाही."

एसाउने चार माणसे लावून मला घरामागे नेऊन टाकले. व्यवहार अजून व्हायचा होता, तरी पाक सुगियार्तोंनी समोर वाळूच्या कडेने बांबूचे कुंपण घातले. लुदिया भांडली नाही. ती एवढेच म्हणाली, "जमीन तुझी आहे, एसाउ. तू वीक. पण मी समुद्रात जाऊ कुठून?"

"कडेच्या दगडांवरून जा ना, सुसी. थोडं लांब पडेल एवढंच."

ती दगडांवरून जाऊ लागली. होडी नाही, म्हणून ओले शेवाळ डोक्यावर. तिची मान दिवसेंदिवस खाली झुकत चालली. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. उन्हाने माझ्या अंगाला भेगा पडल्या. निरुपयोगी होणे काय असते, ते मला तेव्हा कळले.

एका दुपारी वारा अचानक फिरला. लुदिया दोरांपाशी होती. लाटांनी शेवाळ तुटून जाऊ नये म्हणून ती कापून पिशवीत भरत होती. भरती नेहमीपेक्षा जोराने चढली आणि दगडांची वाट पाण्याखाली गेली. भिंतीवरून येरमियास ओरडला, "एसाउ, तुझी बहीण अडकली! पाणी छातीला लागलंय तिच्या!"

एसाउ लंगडत माझ्याकडे धावला. त्याने कोंबड्या हुसकावल्या आणि मला ओढू लागला. पण मी एकट्याने हलणारी नव्हे, आणि पुढे कुंपण. पाक सुगियार्तो त्या दिवशी जागा मोजायला आलेले होते. त्यांनी हातातली फीत टाकली, लाथा मारून आपलेच कुंपण पाडले आणि माझी एक उलांडी खांद्यावर घेतली.

"पोहता येतं का तुम्हाला?" एसाउने विचारले.

"नाही."

"मग बसा आणि पाणी उपसा. ही गळणार."

मी गळत होतेच. सगळ्या भेगांतून पाणी आत येत होते. पाक सुगियार्तो हाताला लागलेल्या रंगाच्या रिकाम्या डब्याने ते बाहेर फेकत होते आणि देवाचे नाव घेत होते. मित्रांनो, त्या दिवशी मी फुटले असते तर तिघे गेले असते. मी लाकडाचा कण अन् कण आवळून धरला.

लुदियाच्या हनुवटीला पाणी लागले होते. एसाउने हात पुढे केला, तर तिने पिशवी वर उचलली. "आधी ही घे."

"आधी तू ये."

"आठवडाभराचं काम आहे यात, एसाउ."

त्याने तिला पिशवीसकट ओढून घेतले. नंतर वल्हे मारताना तो लहान मुलासारखा रडत होता आणि ती त्याला वल्हे कसे धरावे ते सांगत होती.

किनाऱ्यावर येरमियासने गरम पाण्यात ताडाचा गूळ विरघळवून दिला. पाक सुगियार्तो वाळूतच बसले. त्यांनी लुदियाला आदराने, आईला मारावी तशी हाक मारून विचारले, "इबू, तुम्ही रोज त्या दगडांवरूनच जात होता?"

"दुसरी वाट कुठे ठेवलीत?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

एसाउ म्हणाला, "पाक, वाळू मी विकणार नाही. रस्त्याकडची जमीन हवी तर घ्या."

"समुद्रच नसेल, तर लोक माझ्याकडे कशाला येतील?"

"समुद्र आहेच की. फक्त आमच्यामधून चालत जावं लागेल."

ते फीत गुंडाळून निघून गेले. बरेच दिवस काही कळले नाही. एसाउ पुन्हा ताडावर चढू लागला. उतरल्यावर तो पायरीवर बसून गुडघा चोळायचा. आपण चूक केली का, असे त्याच्या मनात येत असेलच. लुदिया रोज तिथे तेल ठेवायची.

शेवटी पाक सुगियार्तो परत आले. त्यांनी फक्त रस्त्याकडचा तुकडा घेतला आणि सहाऐवजी दोनच झोपड्या बांधल्या. पैसे कमी आले. एसाउची गाडी काही झाली नाही, जुनी मोटारसायकल झाली. तिच्यावर तो माणसे धक्क्यावर सोडतो. ताड त्याने दुसऱ्याला खंडाने दिले. पहिल्याच पाहुणीने नाक धरून शेवाळाची तक्रार केली, तेव्हा लुदियाने तिच्या हातात टोपली दिली आणि वाळवण कसे उलटायचे ते दाखवले. ती बाई दुसऱ्या दिवशी आपणहून आली.

एसाउने माझ्या भेगांत नारळाचा काथ्या ठोकला, वर डिंक चोपडला. तरी मी आता फार वर्षे टिकणार नाही. लाकूड आहे, कुजणारच. मला त्याचे दुःख नाही. मित्रांनो, तुमच्याही गावात कुणी नदीकाठ, माळ किंवा किनारा विकायला काढील. गरज असेल म्हणूनच काढील. त्याला लगेच दोष देऊ नका. पण मोजायची फीत उलगडण्याआधी एकदा पहाटे तिथे जाऊन उभे राहा. रोज तिथून कोण जाते, डोक्यावर काय घेऊन जाते ते पाहा, आणि तेवढी वाट सोडा.

चला, लुदिया आली. ओहोटी लागली आहे, आम्हाला निघायला हवे.