मानाचे सत्तर

बायका पर्स नवऱ्याच्या हातात देऊन काट्यावर चढायच्या आणि नवऱ्याची पाळी आली की पर्स परत आपल्या हातात. वर चेहरा असा, की जणू काही केलंच नाही. पुरुष श्वास रोखून धरायचे. अहो, श्वास रोखून वजन घटत असतं तर मला पगार कशाला दिला असता? सत्तावीस वर्षं वायुनौकांच्या तळावर मी हेच काम केलं, चढणाऱ्यांची वजनं घ्यायचं. कागदोपत्री ती वायुनौका. आम्ही तळावरचे सगळे तिला फुगाच म्हणायचो. वर फुग्याच्या पोटात वायू किती आणि खाली टांगलेल्या डब्यात माणसं, सामान, पाणी किती, याचा मेळ बसला तर फुगा उडतो. नाही बसला तर काय होतं, ते आता सगळ्यांना माहीत आहे.

माझा डोळा असा बसला होता की माणूस दारातून आत आला की आकडा माझ्या ओठांवर. काटा आपला साक्षीला. अर्ध्या किलोची चूक दाखवेल त्याला चहा पाजीन, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सत्तावीस वर्षांत एक कप पाजावा लागला नाही. लेकीची लेक, सात वर्षांची, मला बघितलं की दोन्ही हात वर करायची. मी उचलायचो आणि सांगायचो, "साडेएकोणीस. परवापेक्षा पाव किलो जास्त. काय खाल्लंस गं चोरून?" ती खिदळायची. आजोबा कधी चुकत नाहीत असं तिला वाटायचं. तिचं सोडा, मलाही तसंच वाटायचं.

तिचा बाप, म्हणजे माझा जावई, फुग्याचं सुकाणू धरायचा. सुकाणूवाल्याने आकडा वहीत वाचायचा नाही, वजन घेणाऱ्याच्या तोंडून ऐकायचा, ही तळावरची जुनी रीत. कागदाला खोटं बोलताना लाज वाटत नाही, माणसाला थोडी तरी वाटते, म्हणून. निघायच्या आधी तो माझ्या खिडकीशी यायचा. मी एकूण आकडा सांगायचो. तो विचारायचा, "मामा, पक्कं?" मी म्हणायचो, "पक्कं." त्यावरून तो ठरवायचा, टाक्यांतलं किती पाणी ओतून द्यायचं. पाणी गेलं की फुगा हलका होतो.

आणखी एक रीत होती. मानाची माणसं काट्यावर चढत नसत. बड्या माणसाला "चढा" म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. त्यांच्या नावापुढे सरसकट सत्तर किलो लिहायचे. आम्ही त्याला मानाचे सत्तर म्हणायचो. एखाददुसरा असला तर खपून जायचं.

त्या दिवशी एकदम अठरा आले. कुठल्याशा उद्घाटनाला निघाले होते. एकही सत्तरचा नाही. एकशे दहा, शहाण्णव, एकशे चोवीस... शिवाय प्रत्येकाची एक भलीमोठी पेटी, तीही मानाची, म्हणून तीही काट्यावर नाही. हजारएक किलो वहीबाहेर चालले होते. मी तळाच्या साहेबांकडे धावलो.

"साहेब, माणसं नाही तर नाही, निदान पेट्या तरी तोलू द्या."

"नोकरी जड झालीय का तुम्हाला?" साहेब म्हणाले. "सत्तर लिहा आणि हसतमुखाने उभे राहा."

लिहिलं. अठरा वेळा सत्तर लिहिलं. शाई वाळतेय तोवर जावई खिडकीशी आला. साहेब माझ्या पाठीशीच उभे होते. मी एकूण आकडा वाचून दाखवला.

"मामा, पक्कं?"

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, साहेबांचा श्वास मानेवर लागत होता, आणि मी मनात म्हटलं, हवा चांगली आहे, पोरगा हुशार आहे, निभावून नेईल. दुसऱ्याच्या हुशारीवर आपला भित्रेपणा खपवायला निघालो होतो मी, दुसरं काय!

"पक्कं," मी म्हणालो.

त्याने पाणी जेमतेम दोन टाक्या ओतलं, नेहमीएवढंच.

शहराबाहेरचा डोंगर फुगा रोज सहज ओलांडायचा. त्या दिवशी नाही ओलांडला. त्रेपन्न माणसं गेली, त्यांत माझा जावईही. मानाच्या अठरा जणांचे फोटो पेपरात पहिल्या पानावर आले, बाकीच्यांची आतल्या पानावर यादी. माझ्या जावयाचा फोटो मात्र वेगळा छापला आणि खाली विचारलं, याचाच हात चुकला का? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. शाळेत नातीला पोरं 'पाडणाऱ्याची पोर' म्हणायला लागली. लेकीच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं. ती सुरी घेऊन ते खरवडत बसली होती. मला म्हणाली, "बाबा, चौकशीत तुम्ही बोला. त्याचा हात चुकणार नाही हो. तुमचं सगळे ऐकतात."

मी बोलायचं ठरवलं. माझं काय व्हायचं ते होवो, त्या पोरीला मान वर करून शाळेत जाता आलं पाहिजे.

चौकशीच्या दालनात तीन साहेब उंच खुर्च्यांवर बसले होते, मधले अध्यक्ष. लेक मागच्या बाकावर होती.

"वहीतले अठरा आकडे खोटे आहेत," मी म्हणालो. "मीच लिहिले. साहेबांनी लिहायला लावले."

तळाचे साहेब शांतपणे उठले. "हे त्याचे सासरे आहेत. जावयावरचा डाग पुसायला आलेत, त्यांचं दुःख मी समजू शकतो. पण यांचा आकडा कधी अर्ध्या किलोने तरी चुकलाय का, एवढंच तळावरच्या कुणालाही विचारा."

अध्यक्षांनी तळावरच्या लोकांना विचारलं. "कधीच नाही," सगळे म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं, आपण माझीच बाजू घेतोय.

माझं डोकं फिरलं. "काटा आणा!" मी ओरडलो. "अध्यक्षसाहेब, तुम्ही सत्त्याण्णव. डावीकडचे साहेब एकशे आठ, तेही बूट काढून. उजवीकडचे ब्याऐंशी. चढा आणि बघा! मग ते अठरा फोटो माझ्यासमोर ठेवा, एकेकाचं सांगतो!"

लोक हसले. काटा बाहेर व्हरांड्यातच होता, पुरावा म्हणून चिठ्ठी चिकटवून ठेवलेला. पण चढतंय कोण? अध्यक्षांनी कोटाची बटणं लावली. "मृतांचा मान राखा," म्हणाले. म्हणजे मेल्यावरही मान त्यांचाच! आमचा मेला तो काय झाडावरून पडला होता?

"आता एवढंच सांगा," अध्यक्ष म्हणाले. "निघायच्या आधी सुकाणूवाल्याला तुम्ही तोंडी काय सांगितलंत?"

हे मी लेकीला सांगितलं नव्हतं. साहेबांनी लिहायला लावलं, इतकंच सांगितलं होतं. मला तिच्याकडे बघायचं नव्हतं, तरी बघितलं. ती पुढे वाकून ऐकत होती.

"त्याने विचारलं, पक्कं का," मी म्हणालो. "मी म्हटलं, पक्कं."

"लिहून घ्या," अध्यक्ष कारकुनाला म्हणाले. "वजन पक्कं होतं."

निकाल आठवड्यात लागला, चार ओळींचा. चूक सुकाणूवाल्याची.

मी लेकीच्या घरी गेलो. दारावरचं डांबर अजून पुरतं निघालं नव्हतं. तिने दार उघडलं, बाजूला झाली, या म्हणाली नाही. नात आतून पळत आली आणि तिने नेहमीसारखे दोन्ही हात वर केले.

"आजोबा, किती?"

मी वाकलो. लेकीने तिला खांद्याला धरून मागे घेतलं. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

"त्यांना विचारू नकोस, बाळा," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी विचारलं होतं."