एकशे सत्तावीसचा ताप

आमच्या कॉम्प्युटरला सोमवारी सकाळी एकशे सत्तावीस ताप आला.

बाबा घरीच पुस्तकांची पानं लावतात, म्हणजे छापायला जाण्याआधी मजकूर, चित्रं, समास सगळं जागच्या जागी बसवतात. त्यांच्या मशीनवर सहा महिन्यांपूर्वी हट्ट करून जुनी सिस्टीम काढून लिनक्स घातलं ते मी, आणि तेव्हापासून घरात माझी कॉलर ताठ. आता मात्र दर दहा मिनिटांनी पडद्यावर लाल पट्टी यायची, ‘तापमान धोकादायक, १२७ अंश’, आणि मशीन आपोआप बंद. बाबांचं एकशे साठ पानांचं भूगोलाचं पुस्तक एकशे चाळिसाव्या पानावर अडकलं होतं. बुधवारी पाचला छापखान्यात पोचायला हवं होतं.

“दुरुस्तीवाला उद्या चारला येऊन मशीन नेतोय,” मंगळवारी बाबा म्हणाले. “त्याच्याकडच्या दुसऱ्या मशीनवर मी उरलेली पानं लावेन. आणि यावर तो जुनी सिस्टीम परत घालेल. झाले तेवढे प्रयोग पुरे.”

“चारपर्यंत वेळ द्या मला.”

“दिला. तो येईपर्यंत तुझाच आहे.”

आत्याने टेबलफॅन आणून कॉम्प्युटरच्या डब्याच्या तोंडाशी लावला. “एकशे सत्तावीस म्हणजे पाणी उकळून उडून जाईल गं. वर पातेलं ठेव, चहा तरी होऊ दे.” मी डब्याची बाजू उघडून धूळ उडवली. आत्या सात वेळा शिंकली. आत हात घातला तर सगळं गार.

आई हॉस्पिटलात नर्स आहे. तिने डब्यावर सरळ तापाचा तक्ता चिकटवला. वेळ, काय उपाय केला, ताप किती. “तक्त्याशिवाय पेशंट माझ्या वॉर्डात राहत नाही,” म्हणाली. मशीन चालू केलं की आम्ही निमूटपणे आकडा लिहायचो.

बुधवारी दुपारी आई ड्यूटीवरून आली, चप्पलही न काढता तक्ता वाचला आणि म्हणाली, “ढोंगी आहे हा.”

“म्हणजे?”

“खरा ताप चढतो, उतरतो. हा रात्रभर बंद होता, तरी एकशे सत्तावीस. पंखा लावला, एकशे सत्तावीस. बाबांनी पुस्तकात जड जड नकाशे घातले, तरी तेच. असं दिसलं की आम्ही पेशंट सोडतो आणि थर्मामीटर झटकतो.”

माझी ट्यूब पेटली. मी ताप मोजणाऱ्या सगळ्या सेन्सरांची यादी काढली. प्रोसेसर एक्केचाळीस, बोर्ड चौतीस, आणि तिसऱ्या नंबरचा कुणीतरी एकशे सत्तावीस. शोधाशोध केल्यावर कळलं, की रविवारच्या अपडेटमध्ये सेन्सर वाचणारा नवा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आला होता. आमच्या बोर्डावर तिसऱ्या जागी सेन्सर बसवलेलाच नाही. रिकाम्या जागेला ताप विचारला, तर ती बिचारी मनाला येईल ते सांगणार. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली, की तिसऱ्याकडे लक्ष देऊ नकोस. पट्टी गेली.

खोटा आकडा ड्रायव्हरचा, ठीक. पण मशीन बंद कोण करत होतं? मीच. सहा महिन्यांपूर्वी शहाणपणा करून स्क्रिप्ट लिहिली होती, की दर दहा मिनिटांनी बघ, यादीतला कुठलाही आकडा नव्वदच्या वर दिसला की बंद कर. ती गुपचूप सुधारून हिरॉइन होता आलं असतं. पण बाबा शेजारीच उभे होते, आणि त्यांचे तीन दिवस गेले होते. मी सांगून टाकलं.

बाबा माझ्याकडे वळले. “म्हणजे मशीन तू बंद करत होतीस.”

“मी नाही, माझी स्क्रिप्ट.”

“आणि स्क्रिप्ट कोणाची, शेजारच्यांची?” आत्या म्हणाली.

“आता ती फक्त प्रोसेसरचा आकडा बघेल,” मी म्हटलं. “खरंच तापलं, तरच बंद करेल.”

बाबा बसले. दहा मिनिटं आम्ही तिघी त्यांच्या पाठीमागे श्वास रोखून. अकराव्या मिनिटाला एकशे एक्केचाळिसावं पान लागलं. चारला दुरुस्तीवाल्याने बेल वाजवली, तेव्हा एकशे बावन्नावं चालू होतं.

“राहू द्या हो,” बाबा पडद्यावरची नजर न काढता दाराकडे ओरडले. “दुरुस्त करणारी घरातच आहे.” मग खालच्या आवाजात, “बिघडवणारीही तीच.”

दोन्ही पदं मी नम्रपणे स्वीकारली आणि दार उघडायला गेले.