दाराशी आलेला रेडा

हुकूम आला शनिवारी आणि जत्रा होती मंगळवारी. भिवाजी पाटलाने तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि फेट्यात खोचला. बस्स, एवढंच केलं त्या बाबाने. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की कुंभेशेत गावी जत्रेत रेड्याला जखमा करून मारतात असे समजते, तो प्रकार होऊ देऊ नये, पोलीस पाटलाने गावास समज द्यावी, न ऐकल्यास कर्जतहून बंदोबस्त मागवावा. खाली मामलेदारांची सही. समज द्यायची म्हणजे दवंडी पिटायची, माणसं चावडीवर बोलवायची, कागद वाचायचा आणि खाली त्यांचे अंगठे घ्यायचे. अर्ध्या तासाचं काम! पण ते करून पुन्हा त्याच गावात राहायचं होतं ना भिवाजीला.

आता ती जत्रा कसली ते सांगायलाच हवं. कडावच्या पुढे दोन-अडीच मैलांवर कुंभेशेत, अठ्ठावीस उंबऱ्यांचं गाव. इथे गावदेवीला रेडकू सोडायची चाल. दूध तुटलं की कपाळाला शेंदूर फासून सोडायचं. मग त्याला दावं नाही की धनी नाही. तीन वर्षं ते दारोदार फिरणार आणि प्रत्येक घराने त्याला काहीतरी घालायचंच. भाकरी घाला, पेज घाला, नाहीतर कोंडा. हाकलायचं मात्र कुणी नाही. चौथ्या चैत्रात तोच रेडा त्याच दारांवरून फिरवायचा. त्या दिवशी घरातल्या कर्त्याने कोयता घेऊन उभं राहायचं, एक घाव घालायचा, रक्ताचं बोट उंबऱ्याला लावायचं आणि रेडा पुढच्या दारी. अठ्ठावीस दारं झाली की त्याने वेशीवर जाऊन पडायचं. आधीच पडला तर राहिलेल्या घरांवर देवीचा कोप. म्हणून घावसुद्धा बेताने घालायचे, जीव जाता कामा नये. असली अक्कल माणसालाच सुचते, दुसऱ्या कुणाला नाही!

पहिला घाव पाटलाचा. तो मान भिवाजीच्या बापाचा होता, आज्याचा होता. बारा वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हापासून भिवाजीने तो तीनदा घेतला होता आणि तिन्ही वेळा त्याला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला, आनंदीबाईला मात्र ठाऊक होतं, कारण ताट उचलायची ती.

रविवारी सकाळी रेडा नेहमीप्रमाणे पाटलाच्या दारी आला. आनंदीबाईने शिळी भाकरी मोडून त्याच्या तोंडात घातली आणि त्याच्या कानामागची गोचीड काढत म्हणाली, "कागद वाचलात का चावडीवर?"

"वाचतो गं."

"कवा? त्याला मारून झाल्यावर?"

"मी कर्जतला लिवलंय. बंदोबस्त मागवलाय. फौजदार येईल, तोच अडवील. मग आपण म्हणू, आमी काय करनार बाबांनो, वरचा हुकूम हाय."

आनंदीबाईने उरलेली भाकरी पदराने पुसल्यासारखी केली आणि तीही रेड्याला घातली. भिवाजीला मात्र आपली युक्ती फार आवडली होती. रेडाही वाचतो, पाटीलकीही राहते आणि गावाचा वाईटपणाही येत नाही. त्या दोन रात्री तो छान झोपला.

मंगळवारी सकाळी फौजदार आला, बरोबर दोन शिपाई. देवीचा पुजारी सहदेव भगत, त्याने वेशीवरच फौजदाराला नारळ दिला, डोक्याला फेटा बांधला. कोंबडीचं जेवण पाटलाच्याच घरी. हात धुऊन फौजदार चावडीवर लोडाला टेकला तेव्हा भिवाजी जवळ सरकला.

"साहेब, आता रेडा निघंल. अडवायचा ना?"

"का? दंगा आहे का गावात?"

"नाय. पण हुकूम हाय की."

"हुकूम तुमच्या नावाचा आहे, पाटील. गावाला समज द्यावी असं लिहिलंय. दिलीत?"

भिवाजीने फेट्यातला कागद चाचपला.

"दवंडी नाही, अंगठे नाहीत, आणि मी येऊन धर्माच्या कामात लाठ्या चालवू? मग उद्या वर उत्तर कोण देणार, तुम्ही?" फौजदाराने डोळे मिटले. "मी इथेच बसतो. जे मला दिसलं नाही ते झालं नाही."

झालं! ज्याच्या भरवशावर हा बसला होता, तो ह्याच्या भरवशावर बसला होता. आणि मधल्या मध्ये तो मुका जीव.

ढोल वाजू लागले. रेड्याचं दावं पूर्वी महारवाड्याने धरायचं असे. दोन सालांमागे त्या माणसांनी तोंडावर सांगितलं की हे काम आमच्या वाट्याचं नाही, ह्यापुढे करणार नाही. चांगलं केलं. मग गावाने डोंगराकडच्या वाडीतल्या धाऊ ठाकराला धरलं. दावं धरलं नाहीस तर आमच्या रानात लाकडाला पाय ठेवायचा नाही, असं बजावलं. धाऊ काय बोलणार? लाकूड विकूनच त्याची चूल पेटायची.

पण खरं सांगायचं तर दावं धरायला माणूस लागतच नव्हता. देवळापासून निघालेला रेडा आपण होऊन पाटलाच्या दाराकडे वळला. तीन वर्षांची वाट त्याच्या पायांत बसलेली. धाऊच्या हातातलं दावं सैल लोंबत होतं. रेड्याने उंबऱ्यावरून मान पुढे केली आणि आत, आनंदीबाई असायची तिकडे, नाक फेंदारून वास घेतला.

सहदेवाने भिवाजीच्या हातात कोयता दिला. "चला पाटील, घ्या मान."

सगळा गाव उभा होता. त्या क्षणीही भिवाजीला नाही म्हणता आलं असतं. फेट्यात कागद होता, चावडीवर फौजदार होता, काय बिघडणार होतं? पण लोक बघत होते हो! त्याने रेड्याच्या खांद्यावर कोयता मारला.

रेडा दचकला. पण पळाला नाही. तो तिथेच थांबला, अंग थरथरवत, भाकरीची वाट बघत. शेवटी सहदेवाने ढुंगणावर थाप मारली तेव्हा तो शेजारच्या दारी गेला. तिथेही त्याने आधी मान पुढे केली.

सगळं सांगत बसत नाही. ऐकवणार नाही आणि सांगवणारही नाही. एवढंच सांगतो की पंधराव्या दारापर्यंत तो प्रत्येक दारी मान पुढे करत होता. त्यानंतर नुसता चालत होता. भिवाजी ढोलाच्या मागे ओढल्यासारखा जात होता आणि मनात म्हणत होता, आता तरी फौजदार उठेल, आता उठेल. चावडीवरून कुणी आलं नाही.

तेविसाव्या दारी रेडा पुढच्या गुडघ्यांवर बसला तो बसला. पाच घरं राहिली होती. त्या पाच घरांतल्या माणसांनी हाय खाल्ली. कुणी शेपटी पिरगळली, कुणी बांबू टोचला. तरी उठेना म्हटल्यावर एकाने पेंढ्याची चूड पेटवून त्याच्या पोटाखाली धरली. तेव्हा रेडा ओरडला. दिवसभरात पहिल्यांदाच.

धाऊने दावं खाली टाकलं. "पाटील, आता तो नाय उठायचा. लाकूड नको मला. ह्यातनं सोडवा त्याला."

भिवाजी वळला आणि धावत सुटला. घरी आनंदीबाई तो ओरडा ऐकून ठासणीची बंदूक खुंटीवरून काढून, भरून उभी होती. रानडुकरांसाठी सरकारने पाटलाला दिलेली ती बंदूक.

"वाचवायचं होतं तवा नाय जमलं तुमाला," ती म्हणाली. "आता मारायचं तरी जमवा."

त्याने गर्दी सारली, नळी रेड्याच्या कानामागे टेकवली आणि चाप ओढला. ढोल थांबले.

मग जो कल्लोळ उठला! "पाच घरं राहिली! बुडवलं पाटलानं! पाच घरं बुडवली!" बंदुकीचा आवाज मात्र फौजदाराला बरोबर ऐकू आला. तो डोक्यावरचा फेटा सावरत धावत आला.

"कुणी मारला हा रेडा?"

"पाटलानं!" सगळा गाव एका तोंडाने म्हणाला.

सहदेव पुढे झाला. जेवताना फौजदाराच्याच तोंडून त्याला हुकूम कळला होता. "साहेब, रेडा मारायचा नाय असा सरकारचा हुकूम हाय म्हनं. मग पाटलानं मोडला की तो! घ्या लिवून."

"साहेब," धाऊ म्हणाला, "ह्याच्या अंगावर तेवीस कोयतं..."

"तुला विचारलं का? हो मागे!"

तिथेच पंचनामा झाला. मृत्यू बंदुकीच्या गोळीने, अंगावर इतर किरकोळ खरचटल्याच्या खुणा. पंचांनी अंगठे उमटवले. शाई लावायच्या आधी दोघांना हात धुऊन यायला सांगावं लागलं.

"पाटील, काही सांगायचंय?"

"हाय," भिवाजी म्हणाला. "पयला कोयता माझा व्हता. त्यो लिवा. मग बाकीचेबी लिवावे लागतील तुमाला."

फौजदाराने त्याच्याकडे बघितलं आणि कागद तसाच त्याच्यापुढे सरकवला. "सही करा."

भिवाजीने सही केली. बंदूक जप्त झाली, पाटीलकी तहकूब झाली. पाच दिवस कर्जतच्या कोठडीत काढून तो जामिनावर सुटला आणि पायी गावी आला. वाटेत कुणी रामराम घातला नाही. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खूर वाजले. भिवाजीने बाहेर बघितलं. राहिलेल्या पाच घरांनी कडावहून नवं रेडकू आणून देवीला सोडलं होतं. लुकडं, ओल्या नाकाचं, कपाळाचा शेंदूर अजून ताजा. लोकांनी शिकवल्याप्रमाणे ते आधी पाटलाच्या दारी आलं होतं. त्याने उंबऱ्यावरून मान पुढे केली.

आनंदीबाई भाकरी घेऊन आली. भिवाजीने तिचा हात धरला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि त्या पोराएवढ्या जीवाला बडवायला सुरुवात केली. पाठीवर, पायांवर, तोंडावर. "येऊ नको रं," तो रडत ओरडत होता, "कुनाच्या दारी जाऊ नको! पळ! पळ की रं!" गल्लीतली माणसं धावून आली. पाटलाला वेड लागलं म्हणून त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरलं.

रेडकू लंगडत अंगणाबाहेर गेलं. शेजारची बाई घाईघाईने भाकरी घेऊन बाहेर आली, तिने चुचकारून त्याला जवळ बोलावलं, आणि ते गेलं.