थोरलीचा सल्ला

"त्याच गोळ्या हिला लागू पडल्या. मग मलाच का नाहीत?" मर्लनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, पण बघत होती ती बहिणीकडे.

ग्लेनिसनं मान खाली घातली. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, ब्लफच्या बंदरावर कालवं फोडण्यात तिचा जन्म गेला होता. वाकडी झालेली बोटं तिनं मांडीवर एकमेकांत अडकवली.

दोघींनाही अंडाशयाचा कर्करोग. दोघींच्या रक्तात आईकडून आलेला एकच दोष. ग्लेनिसला आधी झाला आणि या गोळ्यांवर ती चक्क उभी राहिली. मर्लची पाळी आली तेव्हा दूर डुनेडिन शहरात नव्या औषधाची चाचणी चालू होती, तिथं जाता आलं असतं. पण ग्लेनिसच म्हणाली, रक्त एक, दुखणं एक, मग इतक्या लांब परक्यांच्या हाती कशाला पडतेस? मर्लनं थोरलीचं ऐकलं.

बाईंनी सावकाश समजावलं. जनुकातला निरोप पेशी तुकडे कापून, जोडून वाचते. दोघींचा दोष एकाच तुकड्यात. पण मर्लच्या गाठीतल्या पेशी जोडताना तो तुकडाच गाळू लागल्या होत्या. उरलेल्यावर त्यांचं कसंबसं भागत होतं, आणि दोषामुळे येणाऱ्या ज्या दुबळेपणावर गोळी घाव घालते तो दुबळेपणाच उरला नव्हता.

"म्हणजे माझा रोग हिच्या रोगापेक्षा हुशार," मर्ल म्हणाली. "घरात मी पहिल्यांदाच हिच्या पुढे गेले."

डुनेडिनची चाचणी तोवर संपली होती. हिवाळा सरता सरता मर्ल गेली.

दफनानंतर चर्चच्या सभागृहात चहा होता. ग्लेनिस आईसाठी कप घेऊन गेली. मर्ल म्हातारीचं शेंडेफळ, तिच्या जिवाचा तुकडा. म्हातारीनं कप घेतला, एक घोट प्यायली आणि शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोघींतली एकच ठेवायची होती, तर देवानं मला विचारायचं तरी."

मर्लचा नवरा डेस्मंड तिथंच उभा होता. त्यानं ऐकलं, आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

"साखर पुरेशी आहे ना, आई?" ग्लेनिसनं विचारलं.

म्हातारीनं कप बाजूला सारला. ग्लेनिसनं टेबलावरची बिस्किटांची बशी उचलली आणि ती खुर्च्यांच्या रांगेतून निघाली. लोकांनी तिच्याकडे न बघता एकेक बिस्किट घेतलं. बशी रिकामी झाली तरी ती प्रत्येकापुढे धरत ग्लेनिस रांगेच्या शेवटापर्यंत गेली.