कचरागाडीची वाट पाहणारा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावरचे अननसाचे चित्र आता निम्मे उडाले आहे, तरी घरात पाहुणा आला की खाऊच्या आशेने त्याचा हात आधी माझ्याकडेच वळतो. झाकण उघडल्यावर बिचाऱ्याचा चेहरा पडतो. माझ्या पोटात अननसाच्या वड्या नाहीत. तिथे काडेपेटीएवढा एक बोर्ड आहे, चार रंगीत तारा आहेत, आणि वर झाकणाला भोक पाडून बसवलेला एक पिवळा दिवा आहे. मी ताइनान शहरातला, कचरागाडी आल्याची वर्दी देणारा एक म्हातारा डबा आहे. हसू नका. कचऱ्याच्या गाडीपायी एक घर मोडता मोडता राहिले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. डोळे कुठून आणलेस असे विचाराल, तर आपली कहाणी सांगायला बसलेल्याला एवढी मुभा असतेच.

आमच्या गल्लीत कचरा दाराबाहेर ठेवायची रीत नाही. संध्याकाळी गाडी धून वाजवत येते आणि ज्याचा कचरा त्याने स्वतः नेऊन तिच्यात टाकायचा. गाडी कोणासाठी खोळंबत नाही. तिची धून आधी देवळामागून ऐकू येते. तिथून बाजाराला वळसा घालून ती येईपर्यंत लोक पिशव्या आणि खरकट्याच्या बादल्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी जमलेले असतात. वेळ मात्र रोजची ठरलेली नसते, गर्दी असेल तशी ती मागेपुढे होते. म्हणून घड्याळापेक्षा कानांवरच सगळ्यांची भिस्त.

आणि आमच्या घरच्या थाव आजीचे कान तर गेले होते. जवळचे बोलणे तिला कळे, लांबचे काही कळत नसे. ऐकायचे यंत्र आणले होते, पण ते शीळ घालते म्हणून तिने खणात टाकले. स्वाभिमानी बाई. कान गेले हे गल्लीत कोणालाही कळू दिले नव्हते. तिच्याबरोबर राही तिची सून पेइयुन. आजीचा धाकटा मुलगा, म्हणजे पेइयुनचा नवरा, आजारात गेला, तेव्हा लोक म्हणाले, आता ही तरणी बाई माहेरी जाईल. ती गेली नाही. चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची आणि दुकान बंद झाल्यावर घरी येऊन सासूच्या हातची लापशी खायची, असा तिचा क्रम होता. त्यामुळे गाडी यायच्या वेळी आजी घरात एकटीच असे. धून ऐकू येत नसे, म्हणून ती अंदाजाने जाऊन गल्लीच्या तोंडाशी ताटकळत राही, आणि अंदाज चुकला की गाडी निघून जाई. वास सुटू नये म्हणून आजी मासळीची मुंडकी पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेवी. एखाद्या दिवसापुरते आमच्याकडे पुष्कळजणी तसे करतात. आजीचा मात्र हळूहळू साठाच झाला.

शरद पौर्णिमेच्या सणाला थोरला मुलगा मिंगत्सुंग तैपेईहून आला. सरबतात घालायला बर्फ हवा म्हणून त्याने कप्पा उघडला, आणि एकामागून एक पिशव्या बाहेर येऊ लागल्या.

“आई, सगळा बाजारच भरवलायस की आत,” तो आधी हसत म्हणाला. मग त्याचे हसू मावळले. “तू माझ्याकडे चल. आमच्या इमारतीत तळघरात कचऱ्याची खोलीच आहे. केव्हाही जायचं, टाकायचं आणि वर यायचं. कुणाचं तोंडही बघावं लागत नाही.”

माणूस वाईट नव्हता. आईची त्याला खरेच काळजी होती. पेइयुनला त्याने अंगणात बाजूला घेऊन सांगितले, की मी तुला बोल लावत नाही, पण तू दिवसभर दुकानात, ती इथे एकटी, हे किती दिवस चालायचे? पेइयुनने मान खाली घातली. आई गेली तर आपण या घरात कोणत्या नात्याने राहायचे, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तो तिने विचारला नाही. एक वर्ष द्या, एवढेच म्हणाली.

आता माझा जन्म ऐका. पेइयुनला एक खूळ होते. महिन्यातून एका शनिवारी ती रजा टाकून एका चहाच्या दुकानावरच्या खोलीत जायची. तिथे तिच्यासारखीच खुळी माणसे जमत. कर कचेरीतला एक कारकून रस्त्यावरच्या झाडांचा नकाशा बनवी, एक परिचारिका चाकाच्या खुर्चीला न जमणारे चढ शोधून ठेवी. सरकार जी माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवते ती घ्यायची, घरी बसून तिच्यावर कोड लिहायचा, आणि पदरमोड करून कोणाच्या तरी उपयोगाचे काही बनवायचे, ही त्यांची हौस. नव्या कामाला ते खड्डा म्हणत. कल्पना काढणाऱ्याने खड्डा खणायचा, मदत करणाऱ्यांनी त्यात उडी मारायची. त्या शनिवारी पेइयुन उभी राहून म्हणाली, “माझा खड्डा लहान आहे. एकाच माणसापुरता.” परिचारिकेने डब्यातला घास तोंडात असतानाच हात वर केला. तिला उडी मारायची होती.

शहरातली प्रत्येक कचरागाडी आपण कुठे आहोत हे सतत कळवत असते, आणि ते कोणालाही पाहता येते. माझा बोर्ड घरातल्या वायफायवरून ते वाचतो आणि दिवा लावतो. दिवा लाल नको, देव्हाऱ्यातला वाटेल, असे आजीने बजावले होते. म्हणून पेइयुनने नवऱ्याच्या जुन्या स्कूटरचा, वळताना लुकलुकणारा पिवळा दिवा काढून आणला. आजीने तो लगेच ओळखला. बोटाने त्याच्यावरची धूळ पुसली. त्या दिवशी मला वाटले, आपण साधा डबा राहिलो नाही.

आजीचे गुडघे दुखत. तिला ताटकळत उभे राहावे लागू नये म्हणून पेइयुनने फार बारीक हिशोब केला. आजी किती हळू चालते, दाराची कडी काढायला किती वेळ लावते, सगळे तिने पाहिले. गाडी औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर आली की मी पेटायचो, आजी बादली उचलायची, आणि ती गल्लीच्या तोंडाशी पोचायला आणि गाडी यायला एकच गाठ पडायची. एकदाही चूक नाही. शनिवारच्या खोलीत मला टेबलावर मधोमध ठेवून लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारकुनाने माझे फोटो काढले. बर्फाचा कप्पा स्वच्छ झाला, त्यात आता खरोखरचा बर्फ होता. मी गर्वाने फुगलो. पत्र्याचा डबा जितका फुगू शकतो तितका.

पण महिने जात चालले तशी आजी गप्प होत गेली. पूर्वी पेइयुन जेवायला बसली की आजी कोणाची ना कोणाची तरी बातमी सांगायची. आता लापशी वाढायची आणि भिंतीकडे बघत बसायची. मी तिला रोज वेळेवर पाठवत होतो, ती रोज वेळेवर परत येत होती, मग हिचे बिनसले कुठे, ते मला उमजेना. पुन्हा शरद पौर्णिमा आली. मिंगत्सुंगने फोनवर पुन्हा विचारले, तेव्हा आजी म्हणाली, “येते. नववर्षाच्या आधी येऊन ने मला. इथं तरी माझ्यावाचून कुणाचं अडलंय?” पेइयुन त्या वेळी पपनस सोलत होती. तिने फोड सोलून आजीपुढे ठेवली आणि हात धुण्याच्या निमित्ताने आत गेली. नळ कितीतरी वेळ चालू होता. मित्रांनो, त्या वेळी मला पाय असते तर मी फडताळावरून उडी मारली असती.

पुढे जे झाले ते मला पेइयुननेच सांगितले. एकटी काम करणारी माणसे यंत्राशी बोलतात, तुम्ही पाहिले असेल. गल्लीतली आक्वेई, म्हणजे बाजारात मासळीच्या गोळ्यांचे सूप विकणारी बाई, मोतीबिंदू काढल्यावर नवा चष्मा करायला दुकानात आली. हिचा आवाज बाजारात घडलेला. चष्म्याच्या काड्या कानांवर चढवता चढवता तिने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे विचारले, “काय गं, तुझी सासू रागावलीय का आमच्यावर? गाडी आली की येते, पिशवी टाकते आणि चालू लागते. मी डोळ्याचं ऑपरेशन केलं, साधं विचारलं नाही. आम्ही सगळ्या आधीपासून उभ्या असतो, हिला आमच्यात उभं राहायचा कमीपणा वाटतो होय?”

“आधीपासून म्हणजे कधीपासून?” पेइयुनने विचारले.

“म्हणजे काय? धून वाजली की. गाडी देवळामागं असते तेव्हापासून.”

पेइयुनने हातातली फ्रेम खाली ठेवली. मग तिने सासूने इतकी वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट आक्वेईला सांगून टाकली. आईला धून ऐकू येत नाही, डब्यावरचा दिवा पाहून ती निघते. “अगं, मग आधी सांगायचं नाही का!” आक्वेई म्हणाली, आणि तेही हळू आवाजात, म्हणे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पेइयुनने मला उघडले. आदल्या संध्याकाळी ती दुकानातून लवकर निघून स्वतः बादली घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी राहून आली होती. तिथे काय काय होते ते तिने तोवर पाहिलेच नव्हते. स्कूटर दुरुस्त करणारा श्यूकाका पेरू वाटतो, कोणाच्या सुनेला दिवस गेले ते तिथेच आधी कळते, दुखणाऱ्या पाठीला तिथेच औषध सांगितले जाते, आणि गाडी आली की सगळे पांगतात. गाडी कुठे आहे ते खुल्या माहितीत होते. माणसे कुठे आहेत ते कोणी लिहून ठेवले नव्हते. “मी आईचं उभं राहणं वाचवलं,” पेइयुन माझ्या तारा बाजूला करत पुटपुटली, “आणि तिच्या मैत्रिणीच काढून घेतल्या.” तिने कोडात फक्त जागा बदलली. औषधांच्या दुकानाऐवजी देऊळ. आता इतरांना धून ऐकू येई त्याच क्षणी मी पेटणार होतो. इतके दिवस मी घड्याळ होतो, त्या दिवसापासून आजीचा कान झालो. शिवाय पेइयुनने आजीच्या बादलीला एक घडीचे स्टूल लटकवले.

पहिल्या संध्याकाळी आजी बाहेर गेली आणि लवकर परतली नाही. खिडकीतून मला गल्लीचे तोंड दिसते. आक्वेई आजीच्या कानाशी वाकून बोलत होती आणि आजी तिच्या डोळ्याकडे निरखून पाहत होती. आठवड्याभराने जेवताना आजी सुनेला म्हणाली, “तुझा डबा हल्ली घाई करतो. गाडीचा पत्ता नसतो आणि हा पेटतो.”

“बघते हं, आई. बिघडला असेल.”

“राहू दे. मला सवय झालीय त्याची.” आणि मग श्यूकाकाच्या भाच्याचे लग्न कसे मोडले ते तिने सुरू केले.

दोघीही कळून न कळल्यासारखे करत होत्या. पण मिंगत्सुंगला दिलेला शब्द तसाच होता, आणि तो मागे घ्यायचा तर काय सांगून, हे आजीला सुचत नव्हते. मुलाचे मन तिला मोडवेना. नववर्षाच्या आधी, घरोघरी वर्षाची साफसफाई चालू असताना, तो तिला न्यायला आला. आजीची बॅग भरून दाराशी ठेवली होती. नेमक्या त्याच दिवशी मी आंधळा झालो. नगरपालिकेने माहिती नव्या पत्त्यावर हलवली होती. तसे जाहीरही केले होते, पण दुकानात वर्षअखेरीची गर्दी, पेइयुनने वाचले नव्हते. मी जुन्या पत्त्यावर विचारत राहिलो आणि पलीकडून कोणी ओ देईना.

संध्याकाळ झाली. आजी पाठमोरी बसून जुनी वर्तमानपत्रे बांधत होती. देवळामागून धून आली. मिंगत्सुंगने ती ऐकली. त्याने माझ्याकडे पाहिले, दिवा लागलेला नव्हता. आईकडे पाहिले, ती गाठ मारत होती. तो जागचा हलला नाही. आपलेच म्हणणे खरे ठरले तरी आनंद होऊ नये, असा त्याचा चेहरा झाला होता. मित्रांनो, मी पेटायचा किती प्रयत्न केला ते कसे सांगू!

तेवढ्यात दार ढकलून आक्वेई आत आली. चपलाही काढल्या नव्हत्या. तिने आजीच्या खांद्यावर थाप मारली.

“थाव, बसलीस काय? दिवा झोपला वाटतं तुझा. चल, श्यूनं माळा रिकामा केलाय, बायकोपासून लपवलेलं काय काय निघतंय बघ.” मग तिचे लक्ष बॅगेकडे गेले आणि आवाज एकदम खाली आला. “ही कुणाची?”

आजीने बॅगेकडे बघायचे टाळले. आक्वेईने आजीचा दंड धरला तो सोडला नाही. “जायचं तर जा बाई,” ती म्हणाली, “पण मग रोज मी कुणाला बोलवायला येऊ?”

आजीने मुलाकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले होते. “मिंगत्सुंग, मला नाही यायचं रे,” ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिने हे पहिल्यांदाच तोंडाने म्हटले होते.

मिंगत्सुंग उठला. क्षणभर मला वाटले, बॅग उचलतो. त्याने बादली उचलली. तिघे बाहेर गेले. पेइयुन धापा टाकत घरी पोचली तेव्हा खोलीत कोणी नव्हते, मी विझलेला, आणि बॅग दाराशी. ती बॅगेशीच खाली बसली. मग खिडकीतून श्यूकाकाचे हसणे आणि त्यावर आक्वेईचा आवाज ऐकू आला, तशी ती उठून पळत बाहेर गेली. त्या संध्याकाळी बॅग आजीने नाही, मिंगत्सुंगने रिकामी केली. कपडे घड्या मोडून कपाटात कोंबले म्हणून आजी त्याला ओरडली.

पेइयुनने मला नवा पत्ता दिला आणि मी पुन्हा कामाला लागलो. आता माझ्या कडा गंजल्या आहेत. दमट हवा मला सोसत नाही, तेव्हा मधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, एवढी माझी विनंती. दुसरी विनंती तुमच्यापैकी जे तारा जोडतात, कोड लिहितात त्यांना. कोणासाठी काही बनवाल तर आधी एक संध्याकाळ त्या माणसाच्या शेजारी उभे राहून या. जे कुठल्याही खुल्या माहितीत सापडत नाही, ते तिथे दिसते.

आणि मला वाईट वाटत असेल असे समजू नका. आक्वेई आता धून वाजायचीही वाट पाहत नाही, आधीच येऊन हाक मारते. त्यामुळे माझा दिवा लागतो तेव्हा आजी बहुधा घरात नसते. रिकाम्या खोलीत मी एकटाच पेटतो, आणि मला फार बरे वाटते.