आइस्क्रीमची गाडी आणि जावईबापू

जावई झाला म्हणून काय झालं? दुसऱ्यांदा आइस्क्रीम वितळलं तेव्हा माझी खात्रीच पटली, कुठंतरी पाणी मुरतंय. गाडी तो चालवतो, तिच्या कूलिंग मशीनची देखभाल माझ्याकडे. माझ्या हातचं मशीन असा दगा देत नाही. म्हणजे हा पठ्ठ्या वाटेत मशीन बंद ठेवतो आणि वाचलेलं डिझेल विकतो, दुसरं काय! महिनाभर मी त्याच्या टाकीवर डोळा ठेवून होतो. काही सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखीच बळावला. इतका साळसूद माणूस असतो होय कुठं?

आज मालक स्वतः गॅरेजमध्ये येऊन उभे राहिले. "मिस्त्री, काय तो निकाल लावा. चूक ड्रायव्हरची निघाली, तर किल्ली इथं ठेवून त्यानं घरी जायचं."

जावई मान खाली घालून उभा. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. पण त्याची नोकरी गेली तर चूल माझ्याच पोरीची विझणार.

मशीनची बाहेरची जाळी बघितली. लख्ख. मग मालाच्या डब्यात शिडी लावून, बॅटरीच्या उजेडात पंख्यामागचं झाकण काढलं. अरे देवा! आतल्या नळ्यांवर चार बोटं बर्फ. हवा जाणार कुठून? त्या बर्फाचं पाणी खालच्या रबरी नळीतून बाहेर पडायला हवं, ते आतच थिजत बसलं होतं. खाली उतरलो, गाडीबाहेर लोंबणाऱ्या नळीच्या तोंडात पक्कड घातली आणि ओढली. चिंध्यांचा घट्ट बोळा बाहेर आला. माझ्या पोरीच्या जुन्या निळ्या ओढणीचा.

गाडी धुऊन देते तीच, नवऱ्याला तेवढाच आराम. घरी मोरीच्या भोकात बोळा कोंबायची सवय, उंदीर येऊ नये म्हणून. इथंही भोक दिसलं, कोंबला. धन्य गं बाई!

"कोणाचं काम हे?" मालक गरजले.

मी तोंड उघडायच्या आत जावई म्हणाला, "माझं, साहेब. मीच कोंबला." आणि माझ्याजवळ सरकून हळूच, "मामा, तिला रागावू नका हं."

किल्ली त्यानं खिशातून काढलीसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ठेव ती खिशात!" मी त्याच्यावरच खेकसलो. "साहेब, बोळा कोणी का कोंबेना. ही नळी साफ आहे का, ते दर आठवड्याला बघायचं काम माझं. महिनाभर मी पंख्यामागचं झाकण काढलंच नाही. ह्याच्या टाकीचं काढत बसलो."

 जावयाला मालकांनी हातानंच खूण केली, जा, माल भरून घे. मग माझ्या हातातली बॅटरी घेतली, शिडी चढले आणि माझं मशीन एकेक भाग करून स्वतः तपासायला लागले.