भावासाठी राखलेलं वजन

वजन उतरवणाऱ्याचं कौतुक होतं, उतरलेलं राखणाऱ्याला कोणी विचारत नाही. रूलीला हे दीड वर्षात पुरतं कळून चुकलं होतं. एकशेचार किलोवरून खाली येत होती तेव्हा सगळं वेनदाम गाव तिला सायकलवरून उतरवून विचारायचं, काय करतेस गं, कुठला डाएट, आम्हालाही सांग. अठ्ठ्याहत्तरवर पोचली आणि कौतुक संपलं. भूक मात्र संपली नाही. ती रोज सकाळी रूलीच्या आधी उठून तयार असायची. आता गाठायचा पुढचा आकडाही नव्हता. आहे तिथेच उभं राहायचं होतं, ऑपरेशन होईपर्यंत.

ऑपरेशन एप्पोचं, रूलीच्या धाकट्या भावाचं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसायचा. रूलीची किडनी त्याला जुळत होती. पण इस्पितळाची अट होती की देणारी ऐंशी किलोच्या आत हवी, आणि ऐन ऑपरेशनच्या दिवशीही आतच हवी. म्हणून तर रूलीने सव्वीस किलो उतरवले होते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, आरशासाठी नाही.

आणि खरं सांगायचं तर आईसाठीही. लहानपणी एप्पो तिला वाफेचं इंजिन म्हणायचा, तिच्यामागे भकभक आवाज करत पळायचा, आणि आई पदर नसलेल्या त्या देशात एप्रनमध्ये तोंड लपवून हसायची. एप्पो म्हणजे आईच्या गळ्यातला ताईत. रूली म्हणजे घरातली दुसरी. सत्तावन्न वर्षांची झाली तरी आईने एकदा आपल्याकडे बघून 'बरं झालं तू आहेस' म्हणावं म्हणून तिचा जीव तळमळायचा. या वयात असं तळमळण्याची तिला लाज वाटायची, पण लाज वाटून ते काही थांबत नव्हतं.

रूलीचं काम म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायचं. सकाळी चार-पाच घरं व्हायची, आणि प्रत्येक घरी कॉफी आणि कॉफीबरोबर बिस्कीट. नको म्हटलं की म्हातारी माणसं अशी चेहरा पाडतात की जणू त्यांचाच अपमान केला. रूली बिस्कीट घ्यायची, दोन शब्द गोड बोलायची, आणि ते खिशात टाकून कालव्यावरच्या बदकांना घालायची. त्या वर्षी वेनदामची बदकं चांगली गुटगुटीत झाली. दुपारी ती घरी येऊन उकडलेली फरसबी खायची.

रविवारी जेवायला आईकडे. आई एप्पोच्या ताटात कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर रचायची, मधोमध खळगा करायची आणि त्यात मांसाचा रस्सा ओतायची. शेजारी धुरावलेलं सॉसेज, हातभर लांब. बटाटा आणि मीठ, दोन्ही त्याला डॉक्टरांनी बंद केलं होतं. पण आजारी लेकराला नाही म्हणायला आईची जीभ रेटत नव्हती. तिची नजर असायची रूलीच्या ताटावर, डोळ्यांत तेल घालून.

"हा दुसरा बटाटा का गं?" आई विचारायची.

"पहिलाच आहे, आई."

"मग मोठा आहे."

एप्पो हसायचा. "खाऊ दे गं आई तिला. माझी किडनी जरा गुबगुबीत निघेल."

माझी किडनी. ती अजून रूलीच्या पाठीत होती, पण घरात तिचा मालक ठरून गेला होता.

ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. एकदा एप्पोला ताप आला, एकदा इस्पितळात खाट नव्हती. रूली दोन्ही वेळा जागच्या जागी उभी राहिली. नाताळ गेला, नवीन वर्षाचे तेलात तळलेले गोळे गेले, साखरेने पांढरे झालेले, आणि तिने एक तोंडात घातला नाही. तिसरी तारीख ऑक्टोबरातली होती. तिच्या आठवडाभर आधी इस्पितळातून एका बाईचा फोन आला.

"ऑपरेशन होणार नाही," बाई म्हणाली. "तुमच्या बाजूने काही नाही हं. तुमचं सगळं उत्तम आहे. याच्यापुढचं मला सांगता येत नाही, ते तुम्ही भावालाच विचारा."

रूलीने भावाला विचारलं. "रक्ताचं काहीतरी आहे," एप्पो म्हणाला, "बघू," आणि फोन ठेवला. रूलीने आणखी खोदलं नाही. तिला वाटलं तो घाबरलाय.

दोन आठवड्यांनी आईचा ब्याऐंशीवा वाढदिवस आला. खुर्च्या नेहमीप्रमाणे भिंतीला लावून गोल मांडलेल्या, त्यात नातेवाईक आणि शेजारी, प्रत्येकाच्या मांडीवर ताटली. तिथल्या रीतीने आत येणाऱ्याने सगळ्यांशी हात मिळवायचा आणि सगळ्यांचंच अभिनंदन करायचं, मुलांचं आईबद्दल, बहिणीचं बहिणीबद्दल. रूलीने हात पुढे केला की मात्र लोक जरा घाईनेच सोडत होते. आईची बहीण ट्रुसमावशी अंड्याची घट्ट दारू चमच्याने खात बसली होती. तिने रूलीचा हात धरून ठेवला आणि वर थोपटला.

"जाऊ दे गं पोरी," मावशी म्हणाली. "सगळ्यांनाच जमतं असं नाही."

"काय जमत नाही, मावशी?"

"तोंडाला आवर घालणं. मला तरी कुठे जमतं?"

"ट्रुस, आज नको," आई म्हणाली. मग तिलाच राहवलं नाही. "आता निघालंच आहे तर बोलते. चार किलो, रूली. चार किलोंसाठी तुझ्या भावाचं ऑपरेशन गेलं. चार किलो धरून ठेवता आले नाहीत तुला?"

सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले. रूलीला आधी काही समजेचना.

"चार किलो वाढले असं कोण म्हणालं तुला?"

"एप्पो म्हणाला. तो बिचारा सांगतही नव्हता, मीच त्याच्यामागे लागले."

बिचारा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता.

रूली उठून वर गेली आणि न्हाणीघरातला आईचा वजनकाटा घेऊन खाली आली. पाहुण्यांच्या गोलाच्या मधोमध गालिचा गुंडाळून तिने काटा फरशीवर ठेवला, बूट काढले आणि लोकरी जॅकेटसकट वर चढली.

"मावशी, वाच."

मावशीने चष्मा लावला, वाकली. "अठ्ठ्याहत्तर. आणि वर तीनशे ग्रॅम."

रूली आईकडे बघत होती. आता म्हणेल, एकदा तरी म्हणेल. आईने काट्याकडे पाहिलं, मग एप्पोकडे, मग पुन्हा काट्याकडे.

"हा काटा पहिल्यापासून कमीच दाखवतो," आई म्हणाली.

सगळ्यांना हायसं वाटलं. "आमचाही तसाच आहे," शेजारीण म्हणाली. "असतात असे काटे." बोलणी पुन्हा सुरू झाली, चीजची बशी फिरली. रूलीने बूट घातले, काटा उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिला रडायलाही येत नव्हतं, इतका राग आला होता.

एप्पो मागोमाग आला आणि त्याने दार लोटून घेतलं. त्याच्या स्वेटरचा वास तिला आला. पुदिन्याच्या गोळीखालून तंबाखू.

"तू अजून ओढतोस."

"दिवसाला दोन-तीन. फार नाही." त्याने आवाज खाली आणला. "त्यांना रक्तात सापडली. आधी बजावलं होतं मला, थेंबभर सापडली तरी ऑपरेशनच्या यादीतून नाव काढू म्हणून. सहा महिने बंद ठेवली तर परत घेतील म्हणाले."

"आणि माझे चार किलो?"

"आईला काय सांगणार होतो मी? ब्याऐंशी वर्षांची आहे. आपला एप्पो स्वतःच्या हाताने मरतोय हे तिला सोसलं असतं का?"

"आणि मला?"

"तुझं काय," एप्पो म्हणाला. "तुला सवय आहे."

तो हे टोचायला म्हणाला नाही. मनापासून म्हणाला, वर खांद्यावर हातही ठेवला. माझ्या मते तर टोचून बोलला असता तर परवडलं असतं.

"सहा महिने फक्त, रूली. तेवढं धरून ठेव. तू धरतेसच." आणि तो बाहेर जाऊन आपल्या खुर्चीत बसला.

रूली बाहेर आली तेव्हा आई केकचे दुसऱ्या फेरीचे तुकडे कापत होती. कॉफीच्या चवीचा, लोण्याच्या जाड थराचा केक.

"मलाही दे, आई."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, बघा, म्हटलं नव्हतं का मी, अशा चेहऱ्याने. पण तुकडा दिला. रूली ताटली घेऊन बरोबर एप्पोच्या समोर बसली. तिने चमच्यात केक घेतला आणि तो हातात धरून ठेवला.

एका तुकड्याने काही होत नाही हे तिला ठाऊक होतं. पण हा पहिला तुकडा आहे हेही ठाऊक होतं. तिने मनात ठरवून टाकलं. 'माझ्यामुळे झालं' एवढंच एप्पोने सगळ्यांसमोर म्हणावं. मग ही ताटली खाली ठेवायची. मग सहा महिने काय, सहा वर्षं वजन धरून बसायचं, आणि ते बोलावतील त्या दिवशी टेबलावर जाऊन आडवं व्हायचं. नाही बोलला तर मात्र त्याची किडनी त्याने दुसरीकडे शोधावी.

इतर सगळे गप्पा मारत होते. एप्पो एकटाच त्या चमच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता. तो चमचा म्हणजे काय हे त्या खोलीत त्या दोघांनाच कळत होतं.

"एप्पो," रूली मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "तुला काही बोलायचं होतं ना?"

गप्पा थांबल्या. आईने सुरी हातात घेऊन मान वळवली. एप्पोने रूलीकडे पाहिलं, मग आईकडे. त्याने ओठ ओले केले.

"मलाही एक चालेल, आई," तो म्हणाला.

"चालेल काय, घे बाळा," आई म्हणाली. "तुझ्या अंगात ताकद नको यायला?" आणि तिने लोण्याच्या फुलाकडच्या बाजूने भला मोठा तुकडा कापला.

रूलीने चमचा तोंडात घातला. मग दुसरा, मग तिसरा. तुकडा संपला तेव्हा तिने ताटली आईपुढे केली आणि आणखी एक मागितला.